साडी उलगडायच्या आधी काय बोलावं: ठाण्यातल्या एका माजी सेल्सगर्लकडून

"वरची ती निळी दाखवा ना" असं गिऱ्हाईक सहज म्हणतं. पण ती निळी एकटी खाली येत नाही, तिच्या अंगावरच्या सहा-सात आधी खाली येतात, मग ती उलगडायची, पदर दाखवायचा, काठ दाखवायचा, खांद्यावर टाकून आरशासमोर उभं राहायचं, आणि मग मॅडम म्हणतात, "अगं नाही, मला कॉटनमध्ये हवी होती."

मी नौपाड्यात एका साडीच्या दुकानात दोन वर्षं आणि नंतर वाशीच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या फ्लोअरवर दीडेक वर्ष उभी होते (उभी हा शब्द मुद्दाम वापरलाय, त्यावर पुढे बोलते). आता महापेला ऑफिसात बसून काम करते आणि रविवारी बाकी सगळ्यांसारखी गोखले रोडला पिशव्या घेऊन फिरते, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. आणि दोन्हीकडून मला एकच दिसलंय, की कॅश काउंटरवर जे आवाज चढतात ते जवळपास सगळे अशा गोष्टीवरून चढतात जी आत शिरल्या शिरल्या दोन मिनिटांत विचारता आली असती, किंवा दुकानवाल्याला आधी सांगता आली असती. कोणीच सांगत नाही, मग बिलाच्या वेळी फुटतं.

तर ती दोन मिनिटं कशी वापरायची ते आधी.

आत गेलात की कोणीतरी "या मॅडम, काय दाखवू" म्हणणारच. तेव्हाच चार गोष्टी एका दमात सांगून टाका, कशासाठी हवंय, कापड कुठलं, बजेट किती आणि तुमच्याकडे वेळ किती. म्हणजे असं, "मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला द्यायचीय, कॉटन नाहीतर कॉटन सिल्क, दीड हजारापर्यंत, आणि अर्ध्या तासात निघायचंय." बस, समोरची मुलगी सरळ त्या रॅककडे जाईल. बजेट सांगायला लोकांना का लाज वाटते मला कळत नाही, खरंतर भीती वाटते की आकडा सांगितला की तेवढे उकळणार, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. म्हणून दीड हजार असतील तर बाराशे सांगा, थोडं वरचं दाखवतातच, ते आम्हाला शिकवलेलंच असतं. पण आकडाच नाही सांगितला तर पाचशेपासून पाच हजारांपर्यंत सगळं गादीवर येतं आणि अर्ध्या तासाने दोघींचंही डोकं दुखतं.

नुसतं बघायला आला असाल तर तेही बिनधास्त सांगा. "आज नुसतं बघतेय, लागलं तर हाक मारते" हे वाक्य ऐकून कोणालाही राग येत नाही उलट सुटल्यासारखं वाटतं. राग कशाचा येतो तर तीस साड्या उलगडून झाल्यावर "मिस्टरांना घेऊन येते पुढच्या आठवड्यात" याचा. बायांनो ते मिस्टर कधीच येत नाहीत हे त्या मुलीला माहितीय, तुम्हाला माहितीय, मिस्टरांनाही माहितीय. नाही आवडलं तर "रंग नाही पटला, तुम्हाला खूप त्रास दिला" एवढं म्हणून उठा, आणि जमलं तर शेवटच्या दोन-तीन साड्यांची घडी घालायला हात लावा. घडी नाही जमली तरी चालेल, ती पुन्हा घालते.

हाक कशी मारायची

शुक शुक नाही. चुटकी नाही. "ए छोटू" नाही, तो छोटू कधी कधी दोन मुलांचा बाप असतो. ताई, दादा, भाऊ, यात सगळं भागतं. पस्तिशीतल्या बाईला मावशी म्हणू नका आणि काउंटरवाल्यांनो, तुम्ही पण कोणालाही आंटी म्हणू नका, आंटी म्हटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. छातीवर नावाची पट्टी असेल तर नावाने बोलवा पण अहो-जाहो करा, अनोळखी माणसाला नुसत्या नावाने आणि एकेरीत हाक मारली की खटकतं.

आणि मराठीत बोला. मॉलमध्ये आत शिरलं की आपली जीभ आपोआप हिंदीत वळते, "भैया ये वाला साइज है क्या". समोरचा भैया इथलाच, दिवा नाहीतर कळवा स्टेशनजवळ राहणारा मराठी मुलगा असतो. मी एकदा एका काकूंशी वीस मिनिटं हिंदीत बोलत होते, त्या पण बोलत होत्या, दोघींचं हिंदी दिव्य, आणि मग त्यांचा फोन वाजला आणि त्या म्हणाल्या "हां बोल गं, भाकऱ्या टाकल्यास का". दोघी हसलो. त्यानंतर दहा मिनिटांत त्यांची खरेदी उरकली, कारण "जरा झुळझुळीत नको, अंगाला चोपून बसेल असं" हे हिंदीत सांगणार कसं. समोरच्याला मराठी येत नसेल तर हिंदीत बोला, त्यात काही बिघडत नाही, पण सुरुवात तर करा.

समोरचा माणूस नक्की कोणाचा आहे

हे बहुतेक लोकांना माहीतच नसतं म्हणून जरा सविस्तर. मोठ्या दुकानात, म्हणजे टीव्ही-फ्रिजची शोरूम किंवा मॉलमधलं कॉस्मेटिक्स, तिथे उभे असलेले सगळे त्या दुकानाचे नसतात. बरेच जण एकेका कंपनीचे प्रमोटर असतात, पगार कंपनी देते, टार्गेट कंपनीचं, आणि इन्सेंटिव्ह पण त्याच कंपनीचा माल विकला तर. म्हणजे तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीपुढे उभं राहून "हा कसा आहे" विचारलं तर तो माणूस हळूच तुम्हाला तीन पावलं उजवीकडे नेणार, त्यात त्याची लबाडी नाही, ते त्याचं काम आहे. यावर उपाय सोपा, आधीच विचारायचं, "दादा तुम्ही कुठल्या कंपनीचे?" हे हसून विचारलं की तो पण हसतो आणि खरं सांगतो. मग त्याच्या कंपनीच्या वस्तूबद्दल त्याला खोदून खोदून विचारा, कारण त्याबद्दल त्याला फ्लोअर मॅनेजरपेक्षा जास्त माहिती असते. दोन कंपन्यांत तुलना करायची असेल तर मात्र दोघांना वेगवेगळं विचारा, आणि दुकानाच्या स्टाफला तिसरं.

तसंच टार्गेटचं. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत कोणी फारच मागे लागलं, "मॅडम अजून एक घ्या, दोनवर ऑफर आहे" असं चार वेळा म्हटलं, तर वैतागू नका, त्या मुलीचे बहुतेक दोन-तीन पीस बाकी असतील. नको असेल तर एकदाच आणि स्पष्ट "नको, एकच हवाय" म्हणा. बघू, नंतर, विचार करते असं गुळमुळीत बोललात की ते हो समजून मागे लागतात.

आणि ते मागे मागे फिरणं. सगळ्यांना वाटतं आपल्यावर चोरीचा संशय घेतात. कधी कधी घेतात पण, खोटं कशाला बोलू. पण फिरायचं की नाही हे ती मुलगी ठरवत नाही, वरून सांगितलेलं असतं की गिऱ्हाईक एकटं सोडायचं नाही. आमच्या एका दुकानात तर पीस हरवला की त्या काउंटरवाल्यांच्या पगारातून कापायचे. "मी लागलं तर बोलावते, तुम्ही इथेच थांबा" एवढं शांतपणे म्हटलं की ती चार हात लांब राहते.

पैठणीवाल्यांसाठी एक वेगळं

लग्नसराईत सगळ्यात जास्त गैरसमज हिच्यावरून. मशीनवरची, म्हणजे सेमी पैठणी, आणि हातमागावरची यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे "पैठणी दाखवा" एवढंच म्हणू नका, "सेमी की हातमागावरची" हे तुम्ही आधी बोला. हातमागाची म्हणून दाखवली तर पदर उलटा करून बघा, मोर-पोपट मागूनही पुढच्यासारखेच स्वच्छ दिसायला हवेत, मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती मशीनची. सिल्क मार्कचं, म्हणजे रेशीम अस्सल असल्याचं लेबल आहे का विचारा. विचारण्यात अपमान काही नाही, चांगल्या दुकानात मुलगी स्वतःच उलटा करून दाखवते. आणि हो, मामलेदारची मिसळ खाऊन तसेच या पण हात धुऊन या प्लीज. तर्रीचं बोट सिल्कला लागलं की तो पीस मेला, आणि तुम्ही "मी नाही हो, आधीच होता" म्हणून मोकळे होता.

सोन्याचं थोडक्यात, कारण तिथे लोक आपोआपच सभ्य वागतात. पसंत करायच्या आधी आजचा भाव, मजुरी ग्रॅमवर की टक्क्यात, आणि उद्या मोड द्यायला आणलं तर घट किती धरणार, ही तीन उत्तरं घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, लागतो, भिंग मागून तो बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासा. तपासताना सराफाकडे चोरासारखं बघू नका, "जरा बघून घेते हां" म्हणा.

भाव करणं

गावदेवीच्या बाजूला, स्टेशन रोडला, वाशीत फुटपाथवर जिथे भाव होतो तिथे जरूर करा, त्यात मजाही आहे. एकच नियम, आपण बोललेल्या भावाला तो "चला घ्या" म्हणाला तर घ्यायचं. अडीचशे बोलायचं, त्याने अडीचशे म्हणायचं आणि मग आपण "बघते पुढे" म्हणून निघायचं, हे वाईट. सकाळी भवानीच्या वेळी तर नकोच, पहिलं गिऱ्हाईक असं परत गेलं की त्याचा दिवस खराब जातो असं तो मानतो, तुम्ही माना न माना. फिक्स रेटच्या दुकानात मात्र सेल्सगर्लशी भाव करून काही होत नाही, तिच्या हातात शून्य असतं, फारतर ती मॅनेजरकडे बघते. ऑनलाइन स्वस्त दिसत असेल तर सरळ विचारा, "ऑनलाइन चौदाशेला आहे, तुम्ही मॅच कराल का?" कधी कधी करतात. पण चपला आठ जोड काढायला लावून, साइज समजून घेऊन, तिथेच बसून मोबाइलवर ऑर्डर करायची, हे मी डोळ्यासमोर होताना बघितलंय, त्या मुलाने काहीच बोललं नाही, फक्त आठ खोके परत रॅकवर चढवले.

ट्रायल रूम

यावर फार लिहीत नाही. मोजून न्या, मोजून आणा, उलटे काढलेले कपडे सुलटे करून द्या, लिपस्टिक लावून पांढरा टॉप डोक्यातून घालू नका, आणि खाली पडलेल्या ढिगावर उभं राहू नका. रविवारी संध्याकाळी बाहेर रांग असताना आत सेल्फी सेशन नको. एवढंच.

बिलाच्या आधी

इथे खरी गंमत. बारकोड मारायच्या आधी चार प्रश्न विचारा, टॅगवरचाच भाव की ऑफर लागणार, बदलून देता का आणि किती दिवसांत, सेलचा माल पण बदलता का, पिशवीचे वेगळे पैसे आहेत का. पिशवीवरून तर ग्राहक आयोगापर्यंत गेलेत लोक. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने कागदी पिशवीचे ३ रुपये घेतले म्हणून एका चपलांच्या कंपनीला दंड केला होता, आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दुसऱ्या एका प्रकरणात जे म्हटलं त्याचा मथितार्थ हाच, की पिशवीला पैसे लागतील हे गिऱ्हाईकाला माल निवडायच्या आधी कळायला हवं, काउंटरवर आल्यावर नाही. म्हणजे बघा, मी म्हणतेय तेच. पण त्या ३ रुपयांसाठी कॅशियर मुलावर ओरडून फायदा नाही, त्याच्या मशीनमध्ये ते आपोआप येतं. बोर्ड लावलेला नसेल तर मॅनेजरला बोलवा. त्यापेक्षा घरून कापडी पिशवी आणा, २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर सगळ्यांच्या घरी ढीगभर झाल्यात.

मोबाइल नंबर द्यायची सक्ती नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सांगितलंय की नंबरसाठी अडवून बसू नका. तुम्ही फक्त "नंबर नाही देणार, असंच बिल करा" म्हणा. सिस्टिम पुढे जात नाही असं मुलगा म्हणाला तर तो बहुतेक खरंच बोलतोय, बऱ्याच ठिकाणी स्क्रीन अडकते, मग मॅनेजर कुठलातरी नंबर टाकून पुढे ढकलतो. पॅकबंद मालावर छापलेल्या एमआरपीमध्ये सगळे टॅक्स धरलेले असतात, त्याच्या वर कोणी मागत असेल तर तिथे मात्र गप्प बसू नका. आणि बिल घ्याच. कच्च्या चिठ्ठीवर पुढे कोणाशीच बोलता येत नाही.

बदलून घ्यायला जाताना

दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. घरी जाऊन रंग आवडला नाही, साइज लहान झाली, सासूबाईंनी नाक मुरडलं, यात दुकानाने बदलून द्यायचं की नाही हे दुकानाच्या नियमावर आहे, म्हणून तर आधी विचारा म्हटलं. पण माल खराब निघाला, शिवण उसवली, रंग गेला, झिप चालत नाही, तर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे बिलावर छापलेलं तुमच्यापुढे चालत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा (२० जुलै २०२० पासून लागू झाला) सांगतो की खराब माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिल न देणं पण त्यातच येतं.

हे माहीत असलं तरी जाऊन पहिलं वाक्य "मी कन्झ्युमर कोर्टात जाईन" असू नये. गर्दी नसताना जा, मधल्या वारी दुपारी. बिल आणि टॅग घेऊन जा, वापरलेला कपडा परफ्यूम मारून नेऊ नका, कळतं. आणि असं बोला, "हा कुर्ता बारा तारखेला घेतला, एकदाच घातला, काखेतली शिवण सुटलीय, बदलून द्या, नसेल पीस तर पैसे परत द्या." काय झालं आणि काय हवंय, दोनच गोष्टी. समोरची म्हणाली "माझ्या हातात नाही" तर तिच्याशी वाद नाही, "मग कोणाच्या हातात आहे त्यांना बोलवता का" हे विचारा. आवाज तोच ठेवा. मॅनेजरने पण हात वर केले तर बिलाचा फोटो काढून १९१५ ला फोन लावा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत पण बोलता येतं. मी स्वतः एकदा एका दुकानात चपलेचा सोल निघाला म्हणून गेले, अर्धा तास उभं ठेवलं, शेवटी फोन हातात घेऊन शांतपणे नंबर लावायला लागले तेवढ्यात नवीन जोड आला. पूर्वी काउंटरवर असल्यामुळे मला माहीत होतं की ओरडणाऱ्या गिऱ्हाईकाला घाबरत नाहीत, न ओरडणाऱ्याला घाबरतात.

काउंटरमागच्यांना पण चार शब्द

कपड्यांवरून गिऱ्हाईक जोखू नका. माझी आई घरच्या गाऊनवर ओढणी घेऊन एका दुकानात गेली, साडीकडे बोट दाखवलं तर तिथला मुलगा म्हणाला "ती महाग आहे". आई काही न बोलता बाहेर आली आणि समोरच्या दुकानातून तीन घेतल्या, मामाच्या मुलीचं लग्न होतं. किंमत सांगायची, महाग की स्वस्त ते गिऱ्हाईक ठरवेल. तसंच माहीत नसेल तर "विचारून सांगते" म्हणा, प्युअर आहे म्हणून ठोकून देऊ नका. एक्सचेंजचा नियम बिल करायच्या आधी स्वतःहून सांगा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. आणि आपसात गप्पा मारताना गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तर मान तरी हलवा.

उभं राहण्याबद्दल म्हटलं होतं. नऊ-दहा तास उभं, स्टूल असलं तरी बसलेलं दिसायचं नाही, दिवाळीत राम मारुती रोड माणसांनी भरलेला असताना पाणी प्यायला पण जाता येत नाही. केरळमध्ये कोळिकोडच्या कापड दुकानातल्या बायकांनी यावर आवाज उठवला आणि २०१८ मध्ये तिथे दुकानात बसायला जागा द्यायची हे कायद्यात आलं, तमिळनाडूने २०२१ मध्ये केलं. त्यामुळे दुपारी रिकाम्या दुकानात कोणी स्टुलावर टेकलेली दिसली तर "काम करायचं सोडून बसलेत" असं मोठ्याने म्हणू नका, आणि ती उठायला लागली तर "बसा हो, मी बघतेय तोवर" म्हणा. मला हे काउंटरवरच्या सगळ्या वर्षांत दोघीजणी म्हणाल्या होत्या, दोघींचे चेहरे अजून लक्षात आहेत.

शेवटचं, बंद व्हायच्या वेळेचं. साडेनऊला दुकान बंद होत असेल तर सव्वानऊला येणं चूक नाही, पण येतानाच सांगा "एकच पेटीकोट हवाय, मरून, पाच मिनिटांत निघते" आणि खरंच निघा. तुम्ही गेल्यावर कॅश टॅली होते, घड्या होतात, शटर पडतं, आणि मग वाशीवरून ट्रान्सहार्बर पकडून ठाण्याला उतरून पुढची कल्याण स्लो पकडायची असते, ती एक चुकली की घरी पोचायला बारा. शटर अर्धं खाली आलेलं असताना वाकून आत बघत "चालू आहे का हो" विचारू नका. चालू नाहीये.